साखरेच्या जोडीला मीठ

वाचकहो, पावसाळा लागला की या सदराकडे पोटाच्या तक्रारींची पत्रं येऊ लागतात. यंदाचं पहिलं पत्र एका आजींचं आहे. नातवाला जुलाब सुरू झाले, सूनबाई साखर-मिठाचं पाणी करायला निघाली आणि आजींनी तिला अडवलं. गोडानं पोट आणखी बिघडतं, नुसतं उकळून गार केलेलं पाणी दे, असं त्यांचं म्हणणं. दोघींत कुणाचं बरोबर, असं त्या विचारतात.

सूनबाईचं बरोबर. पण आजींचा प्रश्नही रास्त आहे. अंगातलं पाणी गेलं तर पाणीच दिलं की झालं, त्यात साखर आणि मीठ कशाला? त्याचं उत्तर आतड्याच्या पेशीत आहे.

शाळेत पेशीची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. गोल काढायचा, आत केंद्रक, बाजूला तंतुकणिका, भोवती पेशीपटल, नावं दिली की मार्क पक्के. मी वर्षानुवर्षं अशा आकृत्या तपासल्या. त्यात पेशीपटलाच्या वाट्याला नेहमी एक रेघ येते. आजची गोष्ट त्या रेघेचीच आहे.

लहान आतड्याला आतून पेशींचं जे अस्तर असतं, त्याची जाडी असते फक्त एका पेशीची! उभट पेशी एकमेकींना चिकटून ओळीनं उभ्या असतात. त्यांच्या अलीकडे आपण खाल्लेलं अन्न, पलीकडे रक्त. अन्नाकडच्या बाजूला प्रत्येक पेशीला हजारो बारीक केसासारखे उंचवटे असतात, ब्रशासारखे, म्हणजे शोषून घ्यायला जागा भरपूर मिळते. या पेशी चार-पाच दिवसांतच झडतात आणि त्यांची जागा नव्या घेतात.

पेशीपटल हा स्निग्ध पदार्थाचा दुपदरी पडदा. मीठ किंवा साखर त्यातून आपली आपण आत जाऊ शकत नाही. त्यासाठी पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात आणि प्रत्येक दाराचा नियम वेगळा. त्यातल्या एका दाराचा नियम मला फार आवडतो. सत्यनारायणाच्या पूजेला जसं जोडीनं बसावं लागतं, तसं या दारातून जोडीनंच आत जाता येतं. मिठातले सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक. एकट्याला प्रवेश नाही. (घरातली साखर त्या ब्रशापाशीच फुटते आणि तिच्यातून ग्लुकोज मिळतं.)

सोडियमला आत शिरायची ओढ का असते? तर पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप अखंड चालू असतो. सोडियमचे तीन कण बाहेर, पोटॅशियमचे दोन आत. त्यामुळे पेशीत सोडियमचा कायम तुटवडा. पंपाला लागणारी ऊर्जा येते प्रामुख्यानं तंतुकणिकांकडून, आकृतीतल्या त्या चिमुकल्या भोपळ्याच्या बियांकडून. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी 1957 साली दाखवून दिला आणि 1997 साली त्यांना नोबेल मिळालं. साखर-मीठ आत गेलं की पाणी मागोमाग जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, त्याच न्यायानं. जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे पाण्याची धाव.

आता पटकी, म्हणजे कॉलरा. हा जंतू पेशीच्या आत शिरतच नाही, पृष्ठभागावर बसून विष सोडतो. ते विष कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 साली ओळखलं. त्या विषामुळे पेशीतलं क्लोराइड बाहेर सोडणारं दार उघडंच राहतं. क्लोराइडमागून सोडियम आणि सोडियममागून पाणी वाहत सुटतं. पण जोडीच्या दाराला हे विष हात लावत नाही! एकीकडे पेशी गळत असतानाही दुसरीकडे साखर-मीठ-पाणी आत घेतच असते. नुसत्या पाण्याला ही ओढ नाही, त्यातलं पुष्कळसं बाहेरच पडतं. इतर बहुतेक जुलाबांतही हेच दार कामी येतं.

या दाराचा नियम रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्राग शहरात मांडला. अकरा वर्षांनी त्याची खरी परीक्षा झाली. 1971 साली बांगलादेशच्या लढ्यात लाखो निर्वासित बंगालच्या सीमेवरच्या बनगावात आले आणि छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांचं मोजून मिश्रण केलं, पिंपात पाण्यात कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. डॉक्टर 2022 साली गेले, पद्मविभूषण 2023 साली मिळालं. एवढ्या उशिरा का, हे आपण कुणाला विचारायचं?

आता स्वयंपाकघरात येऊ. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजानं घालू नका. साखर जास्त झाली तर कैरीचा न्याय उलटतो आणि रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. आजींचं ‘गोडानं बिघडतं’ हे एवढ्यापुरतं खरं, आणि म्हणूनच बाटलीतली कोल्ड्रिंक्स देऊ नयेत. मीठ जास्त झालं तर बाळाच्या जिवाला धोका. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी अधिक चांगली, तिच्यात पोटॅशियमही असतं. मात्र लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवू नका, पुडीवर लिहिलेलं वाचा. आपल्याकडची मीठ घातलेली पातळ पेजही याच दारातून काम करते, तांदळाच्या पिठुळातून ग्लुकोज सावकाश सुटतं.

पाणी दिलं तरी जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून पाणी बंद करू नका. जुलाब थांबवणं हे त्या पाण्याचं कामच नाही, अंग सुकू न देणं हे आहे. चमच्याचमच्यानं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध चालू ठेवा. डॉक्टर जस्ताच्या गोळ्या देतील, त्या जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पुऱ्या करा. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडलं किंवा शौचातून रक्त गेलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, दवाखाना गाठा. आणि कालवलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्या, दुसऱ्या दिवशी ताजं करा.