अजिंठ्याला घाईने येऊ नका

चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या, जालना रोडने शहरात शिरणाऱ्या, समृद्धी महामार्गावरून वळून येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना, आणि त्यांना गाडीत बसवणाऱ्या, जेवू घालणाऱ्या, खोल्या देणाऱ्या आमच्या गावच्या माणसांना ही कळकळीची विनंती आहे. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. तिच्या मागोमाग शाळांच्या सहली निघतील. पुढचे काही महिने अजिंठ्याच्या लेण्यांत मोठी गर्दी राहील, आणि त्या गर्दीत दीड हजार वर्षांच्या चित्रांचं जे नुकसान होईल ते कुणालाही भरून काढता येणार नाही. म्हणून सुट्टी लागायच्या आधीच सांगतो आहे: अजिंठ्याला या, पण घाईने येऊ नका.

ही घाई चिकलठाण्यात राहणाऱ्याला पुरेपूर ओळखीची आहे. सकाळी उतरायचं, बाहेर उभ्या असलेल्या गाडीत बसायचं, फुलंब्री, सिल्लोड मागे टाकत शंभरेक किलोमीटर गाठायचे, दोन तासांत लेणी उरकायची आणि अंधार पडायच्या आत बीबी का मकबऱ्यापुढे फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ आणि परत विमान. लेणी तीस आहेत. दोन तासांत एकेका लेण्याच्या वाट्याला चार मिनिटं येतात, आणि त्यातलीही काही चालण्यात जातात.

चार मिनिटांत तिथे फक्त अंधार दिसतो. वाघूर नदीच्या वळणावरचं लख्ख ऊन डोळ्यांत घेऊन माणूस आत शिरतो, त्याला भिंत काळीकुट्ट वाटते. मग तो मोबाइल काढतो, टॉर्च लावतो, फ्लॅश मारतो. तरी नीट कळत नाही म्हणून भिंतीजवळ सरकतो आणि 'हे काय आहे?' म्हणत बोट टेकवतो. पहारेकरी ओरडतो. ज्याने बोट टेकवलं तो वाईट माणूस नसतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की दहा मिनिटं गप्प उभं राहिलं, तर तोच काळोख रंगांनी भरून येतो.

खरंच येतो. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला हातात निळं कमळ धरलेला पद्मपाणी आधी फक्त एक फिकट चेहरा म्हणून दिसतो. थोड्या वेळाने झुकलेल्या पापण्या दिसतात, मग मुकुट, मग त्याच्या भोवतीची माणसं, माकडं, मोर. वर छताकडे पाहिलं की फुलं, फळं, बदकं. ज्याने एवढा वेळ दिला, त्याचा हात भिंतीकडे जात नाही. त्याची गरजच उरलेली नसते.

आणि प्रवासाला निघालेल्या माणसाला इथे जे सापडतं ते मला फार मोलाचं वाटतं. या भिंती प्रवाशांनी भरलेल्या आहेत. पहिल्याच लेण्यात महाजनक राजपुत्राचं गलबत समुद्रात फुटतं. दुसऱ्या लेण्यातल्या पूर्णाच्या कथेत रांजण लादलेलं जहाज आहे. सतराव्या लेण्यात सिंहल नावाचा व्यापारी राक्षसिणींच्या बेटावर अडकतो आणि उडणारा घोडा त्याला सोडवतो. त्याच लेण्यात विश्वंतर हत्ती, रथ, मुलंबाळं सगळं देऊन टाकत वनवासाला जातो. ही चित्रं काढणाऱ्यांनी बंदरं, बाजार, परदेशी टोप्या घातलेली माणसं पाहिली होती. नववं आणि दहावं लेणं सर्वांत जुनी, सातवाहनांच्या काळातली. तेव्हा पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे जाणारे व्यापारी हाच डोंगर ओलांडत. निळ्या रंगाचा लाजवर्द तर अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून इथवर आला. एवढ्या लांबून रंग आणून ज्यांनी या गोष्टी रंगवल्या, त्यांना आपण चार मिनिटं द्यायची?

आता हे इतकं नाजूक का, ते समजून घ्या. खडकाच्या खडबडीत भिंतीवर माती, भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा चढवला आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. ओल्या चुन्यात रंग मुरतो तसं इथे झालेलं नाही, रंग वरच्यावर बसला आहे. आत खडकातून पाणी झिरपतं, गिलाव्यातलं तूस किडे खातात, वटवाघळांनी छत काळवंडलं आहे. या सगळ्याशी पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ वर्षानुवर्षं झुंजत आहेत. त्यात आपण भर घालतो ती श्वासाची, घामाची, धुळीची आणि बोटांच्या तेलकटपणाची. बंद खोलीत एका वेळी खूप माणसं शिरली की हवेतला ओलावा वाढतो, बाहेर गेली की उतरतो. गिलावा फुगतो, आकसतो आणि एक दिवस पोपडा सुटतो.

फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे, तिथे सतरा हजार वर्षांपूर्वीची बैलाघोड्यांची चित्रं आहेत. १९४८ साली ती लोकांसाठी उघडली. येणाऱ्यांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ चढलं आणि १९६३ मध्ये ती कायमची बंद करावी लागली. आज तिथे जाणारे लोक शेजारी बांधलेली प्रतिकृती पाहून परततात. आपल्या नातवंडांवर ही वेळ यावी असं मला वाटत नाही.

अजिंठ्याची प्रतिकृती करून ठेवू म्हणणाऱ्यांनी जुना इतिहास आठवावा. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीला निघालेल्या कॅप्टन जॉन स्मिथला ही लेणी दिसली आणि त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर, चित्राच्या अंगावरच, आपलं नाव कोरलं. लेणं तेव्हा गाळाने भरलेलं होतं, म्हणून ती अक्षरं आज आपल्या डोक्याच्या वर राहिली आहेत. पुढे डॉ. बर्ड यांनी भिंतीवरची चित्रं सोलून न्यायचा प्रयत्न केला, तर हाती भुकटी आली. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठा गावात राहून मोठमोठ्या नकला करत होता. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे तो आणि त्याची प्रेयसी पारो आपल्या घरातले झाले आहेत. त्याच्या बहुतेक सगळ्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अनेक वर्षं खपून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याचशा १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. १९२० नंतर निजामाने इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी पडू आलेला गिलावा सावरला हे खरं, पण वरून दिलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं. नकला अशा हरवल्या, उपाय कधी कधी अंगलट आले. उरली आहे ती भिंत, आणि ती एकच आहे.

कायदाही आहे. संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण तीस लेण्यांत प्रत्येक माणसामागे पहारेकरी उभा करता येत नाही.

म्हणून आमच्या टॅक्सीवाल्या भावांनो, गाडी सिल्लोडच्या पुढे गेली की प्रवाशांना एवढं सांगा: आत गेल्यावर आधी नुसतं उभं राहा, फ्लॅश बंद ठेवा, भिंतीपासून हातभर लांब राहा. दिवसभर तुम्ही त्यांच्यासोबत असता, तुमचं ते ऐकतात. हॉटेलवाल्यांनी खोलीची किल्ली देताना हेच सांगावं, आणि एका दिवसात अजिंठा-वेरूळ दोन्ही दाखवण्याचे बेत विकणं थांबवावं. विमानतळावर सामान यायची वाट पाहत लोक उभे असतात, तिथे मराठी, हिंदी, इंग्रजीत एक ठळक फलक लागावा अशी माझी विमानतळाच्या अधिकाऱ्यांना विनंती आहे.

शिक्षकांना वेगळं आणि आग्रहाने सांगायचं आहे. शंभर मुलांची रांग प्रत्येक लेण्यातून पळवत नेऊ नका. निघण्याआधी वर्गात सिंहलाची आणि विश्वंतराची गोष्ट सांगा. तिथे पोचल्यावर वीस-वीसचे गट करा आणि एक, दोन, सोळा, सतरा आणि सव्वीस एवढीच लेणी दाखवा. सव्विसाव्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती पाहून मुलं आपोआप गप्प होतात. गोष्ट माहीत असलेलं मूल भिंतीवर घोडा शोधतं, खिळ्याने नाव कोरत नाही.

ज्यांच्याकडे खरोखरच एकच दिवस आहे, त्यांनी अजिंठा पुढच्या खेपेला ठेवावा. शहरातच, मकबऱ्यामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. चिकलठाण्याहून दुपारी निघालात तरी जमतं, आणि गर्दी जवळजवळ नसते. तिथल्या सातव्या लेण्यात दाराशेजारी अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाटसरूंवर येणारी आठ संकटं कोरली आहेत: आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या, फुटणारं जहाज, सिंह, साप, माजलेला हत्ती, राक्षस. प्रत्येक ठिकाणी घाबरलेली माणसं त्याच्याकडे धावताना दिसतात. या शहराच्या वाटेवर असणाऱ्यांसाठीच ते कोरलेलं आहे असं मला वाटतं, आणि या शहरात येणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊकही नसतं.

बेत आखताना हे लक्षात ठेवा: अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्यासाठी पूर्ण दिवस राखा आणि सकाळी लवकर पोचा. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढे लेण्यांपर्यंत एसटीची बस घ्यावी लागते. परवाना असलेला मार्गदर्शक सोबत घ्या. आणि कुणी भिंतीला हात लावताना दिसला, तर ओळख नसली तरी त्याला तिथल्या तिथे, हळू आवाजात थांबवा.