शेपटीची साक्ष

"मांजराचा काई भरोसा नाई जी. गोंजारता गोंजारता चावते." वर्धा जिल्ह्यात कुठल्याही ओसरीवर बसा, हे ऐकायला मिळेल. पाठोपाठ पुरवणीही ठरलेली: कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. सेलू, देवळी, हिंगणघाटकडच्या शेतकऱ्याच्या घरात तुरीची नि सोयाबीनची पोती असतात, हंगामात एखादी खोली कापसाने भरलेली असते. उंदरांपायी मांजर ठेवावीच लागते. जिच्यावाचून भागत नाही तिच्यावरच दगाबाजीचा ठपका! आरोप मात्र हवेतला नाही. मांडीवर पहुडलेली मांजर कधीकधी खरोखरच हातात दात रुतवते, आणि ज्याला ते दात लागले त्याच्याशी वाद घालणं अवघड असतं. तरी मी घालणार आहे. चावण्याआधी मांजर बजावते, बहुतेक वेळा शेपटीनेच बजावते, आणि आपण ते बघत नाही.

न बघण्याचं पहिलं कारण कुत्रं. शेपटी हलली म्हणजे स्वारी खूश, हा धडा आपण लहानपणी कुत्र्याकडून घेतो. (तोही अर्धाच खरा. अंगावर येण्याच्या बेतातलं कुत्रंसुद्धा ताठ शेपटी हलवतं.) मग तोच धडा मांजरीला लावतो. चार्ल्स डार्विनने भावनांच्या आविष्कारावरचं पुस्तक १८७२ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यात मांजरीच्या दोन अवस्था शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. चवताळलेली मांजर जमिनीसरशी दबते आणि तिची शेपटी या बाजूकडून त्या बाजूला वळवळत राहते. लाडात आलेली मांजर उभी असते, पाठ जराशी उचललेली, शेपटी सरळ वर, आणि अंग आपल्या पायाला घासत. दीडशे वर्षं झाली हे छापून. आपण अजून आपटणारी शेपटी बघून म्हणतो, बघा कशी मजेत आहे.

मांडीवरचा तो प्रसंग सावकाश बघितला तर गुन्हा कुणाचा ते कळतं. पहिली काही मिनिटं मांजरीला गोंजारणं आवडतं. मग पुरे होतं. आधी शेपटीचं फक्त टोक एकदा उडतं. हात थांबत नाही. पाठीची कातडी थरथरते. हात थांबत नाही. शेपटी मांडीवर पट्‌पट् आपटू लागते, कान बाजूला वळून पसरतात, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. हात अजून चालूच, कारण मालक टीव्ही बघतोय. आता ती मान वळवून हाताकडे बघते. यानंतर जे होतं त्याला आपण 'अचानक' म्हणतो! एवढ्या पायऱ्या चढून आलेल्या रागाला दगा म्हणायचं असेल तर तीन नोटिसा देऊन वीज तोडणारासुद्धा दगाबाजच ठरेल.

मग हलणारी शेपटी म्हणजे राग, असं समीकरण मांडायचं का? तेही नाही. पोत्यांच्या आड उंदराची चाहूल लागली की मांजर दगडासारखी बसते आणि शेपटीचं टोक तेवढं वळवळत असतं. खिडकीबाहेरच्या चिमणीकडे बघतानाही तसंच. तिथे राग कुठला? अंगात ताण भरलाय, लक्ष एकवटलंय, झेप घ्यावी की थांबावं हे ठरत नाहीये, एवढंच ती शेपटी सांगते. ताण शिकारीचा की वैतागाचा, हे समोर उंदीर आहे की आपला हात आहे यावरून ओळखायचं.

इथेच दुसऱ्या पक्षाशी भांडण सुरू होतं. हा पक्ष शिकलेला आहे, त्याच्या मोबाइलवर तक्ता आहे. शेपटी अशी असली की हा मूड, तशी असली की तो. आनंद, भीती, राग, प्रत्येकाला एकेक चित्र. तक्ता साफ खोटा नसतो, पण तो शेपटी मांजरीपासून कापून दाखवतो.

उभी शेपटीच घ्या. तिच्याविषयी लोकमत असं की मांजर तोऱ्यात आहे, घराची मालकीण असल्यासारखी चालते. हे उलटं आहे. शार्लट कॅमेरून-ब्यूमाँट यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात १९९७ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधासाठी मांजरीच्या आकाराच्या काळ्या आकृत्या वापरल्या, काही उभ्या शेपटीच्या, काही खाली सोडलेल्या. उभ्या शेपटीची आकृती दिसली की मांजरी लवकर जवळ गेल्या आणि पुष्कळदा आपलीही शेपटी त्यांनी उभी केली. पुढे २००९ मध्ये सिमोना काफाझ्झो आणि युजेनिया नातोली यांचा रोममधल्या मोकाट मांजरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे शेपटी जास्त करून दुय्यम मांजरं वरचढांपुढे उभी करत होती. म्हणजे तोरा बाजूलाच राहिला, ही तर 'माझ्याकडून भांडण नाही' अशी आगाऊ ग्वाही. पिल्लं आईकडे जाताना अशीच शेपटी वर करतात. आपण घरी आल्यावर दारात उभ्या शेपटीने येणारी मांजर आपल्याला त्याच रिवाजाने भेटते. मांजरीच्या प्रेमाचा पुरावा मागणाऱ्यांनी हा घ्यावा. मला तरी एवढा पुरतो.

पण तीच उभी शेपटी, बोका भिंतीकडे पाठ करून उभा, आणि शेपटी थरथरतेय: तो हद्दीवर मुताची फवारणी करतोय. बोर अभयारण्यात, २०१४ पासून जो आपल्या जिल्ह्याचा व्याघ्र प्रकल्प आहे तिथे, वाघही झाडाकडे पाठ करून शेपटी उचलतो तेव्हा हाच उद्योग करत असतो. त्याला नमस्कार समजून कुणी जिप्सीतून हात हलवला तर त्याची समजूत कोण काढणार? फुललेल्या शेपटीचंही तेच. केस उभे राहणं ही भीतीने किंवा उत्तेजनेने आपोआप होणारी गोष्ट आहे. कुत्र्यासमोर कमान करून उभ्या मांजरीची शेपटी फुलते आणि खेळताना आडव्या उड्या मारणाऱ्या पिल्लाचीही फुलते. तक्ता दोघांनाही 'घाबरलेली' म्हणून मोकळा होतो.

यावर तिसरा म्हणेल, मग सोडाच, मांजर कुणाला कळलीय? ही पळवाट आळशाची आहे. सेवाग्रामला राहायला येण्याच्या चार वर्षं आधी, १९३२ मध्ये, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात तिथल्या मांजरीकडे बघत असत. तिची स्वच्छता, पिल्लांना शिकवण्याची रीत यांवर त्यांनी आश्रमाला लिहिलंही. सरदार पटेल आणि महादेवभाई सोबत, राजकारण ऐन भरात, आणि तरी मांजर बघायला त्यांना वेळ होता. आपल्याला शेपटीसोबत कान बघायचे, डोळे बघायचे, ती कुणासमोर उभी आहे ते बघायचं, एवढंच तर करायचं आहे. शेपटी तुटलेल्या बोक्यांचं म्हणणं दुसऱ्या मांजरांना बाकीच्या अंगावरून कळतंच ना.

आडव्या जाणाऱ्या मांजरीकडेही एकदा असं बघा. पाऊल घाईचं, शेपटी खाली, कान आपल्याकडे वळलेले. अपशकुन कुणाला झालाय ते सरळ दिसतं.

एक शेपटी मात्र मूडची नसते. लुळी पडलेली, ओढल्यासारखी मागून येणारी, शिवलं तरी न हलणारी. गाडीचा धक्का बसला असेल, दारात अडकली असेल, किंवा पोरांनी धरून ओढली असेल. शेपटी ओढली गेली की कण्याच्या शेवटच्या भागातल्या नसा दुखावतात आणि कधीकधी मांजरीची लघवी अडते. हळद लावून वाट बघण्याचं हे काम नाही, जनावरांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी न्यावं.

आणि एवढं सगळं कळूनही मांजर चावलीच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा. मांजर या लेखात निर्दोष सुटली, म्हणून लस माफ होत नाही.