अभिभाषणात आमचे तालुके कुठे आहेत?

दरवर्षी विधानसभेचे पहिले अधिवेशन भरते. राज्यपाल पर्वरीच्या सभागृहात येतात, राष्ट्रगीत होते आणि अभिभाषणाला सुरुवात होते. राज्य कुठवर आले, कोणती धोरणे आखली, विकासाची कोणती कामे झाली, कोणते संकट कसे निभावले, याचा तो वार्षिक जमाखर्च असतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत चार मथळे येतात, विरोधकांच्या गोंधळाचे छायाचित्र येते आणि विषय संपतो. पेडणे आणि डिचोलीच्या घरांत हे भाषण कधी पोहोचत नाही. पोहोचले तरी त्यात आपल्या गावाचे नाव शोधावे लागते.

अभिभाषण म्हणजे केवळ शिष्टाचार, तो कोणी मनावर घेऊ नये, असे सांगणारे शहाणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्हाला ते मान्य नाही. राज्यघटनेच्या १७६ व्या कलमानुसार सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या आणि त्यानंतर दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी राज्यपालांचे अभिभाषण बंधनकारक आहे. ते वाचतात राज्यपाल, पण त्याचा मसुदा मंजूर करते मंत्रिमंडळ. म्हणजे त्यातले प्रत्येक वाक्य सरकारने राज्याच्या प्रमुखाच्या तोंडून जनतेला दिलेला शब्द असतो. त्यावर आभारदर्शक ठराव येतो, चर्चा होते, आमदारांना दुरुस्त्या सुचवता येतात. निवडणुकीच्या सभेतले आश्वासन हवेत विरते. अभिभाषणातले आश्वासन सभागृहाच्या कामकाजात कायमचे नोंदले जाते. म्हणूनच ते वाचले पाहिजे, जपून ठेवले पाहिजे आणि पुढच्या वर्षीच्या भाषणाशी ताडून पाहिले पाहिजे.

गोमंतकाला राज्यपाल आठवतात ते मात्र वेगळ्याच कारणांसाठी. ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाल्यानंतर सात वर्षांतच, एप्रिल १९९४ मध्ये, भानुप्रकाश सिंग यांनी विल्फ्रेड डिसोझा यांचे सरकार बरखास्त करून रवी नाईक यांना शपथ दिली. ते सरकार आठवडाभरही टिकले नाही आणि राज्यपालांनाच पद सोडावे लागले. फेब्रुवारी २००५ मध्ये एस. सी. जमीर यांनी मनोहर पर्रीकर यांचे सरकार बडतर्फ केले, प्रतापसिंह राणे यांना पाचारण केले आणि मार्चमध्ये राष्ट्रपती राजवट आली. सरकारे बनवणे आणि पाडणे, एवढीच राज्यपालपदाची ओळख आपल्या मनात राहिली, यात नवल नाही. जनतेला राज्याची खरी स्थिती सांगणे हे या पदाचे रोजचे काम आहे, ते मात्र मागे पडले.

ते काम किती मोलाचे आहे, हे कोरोनाच्या काळात दिसून आले. २०२० मध्ये सत्यपाल मलिक राज्यपाल होते. महामारीच्या हाताळणीवरून त्यांचे आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांचे जाहीर मतभेद झाले. संकटकाळात नवे राजभवन बांधण्याच्या बेतालाही मलिक यांनी विरोध केला. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांची मेघालयात बदली झाली. त्यांचे सर्वच म्हणणे बरोबर होते असा आमचा दावा नाही. पण त्यानंतर जे झाले ते विसरता येणार नाही. जुलै २०२१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ११ महिने, गोव्याला पूर्णवेळ राज्यपालच नव्हता. महाराष्ट्राचे राज्यपाल भगतसिंग कोश्यारी यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार होता. याच काळात, मे २०२१ मध्ये, बांबोळीच्या गोमेकॉत प्राणवायूच्या पुरवठ्यावरून हाहाकार उडाला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला लक्ष घालावे लागले. ज्या दिवसांत जनतेला रोज खरी माहिती सांगणारा अधिकारी आवाज हवा होता, त्याच दिवसांत ती खुर्ची दुसऱ्या राज्याच्या भरवशावर होती.

आता आपल्या तालुक्यांकडे वळू. धोरण, विकास आणि आपत्ती ही अभिभाषणाची तीन मुख्य प्रकरणे. तिन्हींची कसोटी पेडणे-डिचोलीतच लागते.

धोरणाचे उदाहरण म्हणजे खाण. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले. तेव्हापासून दरवर्षी 'खाणव्यवसाय लवकरच सुरू होईल' हे पालुपद आपण ऐकले. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या ब्लॉकांचा लिलाव झाला, त्यांत डिचोली, शिरगाव-मये आणि मोन्त दे शिरगाव हे तीन ब्लॉक याच तालुक्यातले. डिचोली ब्लॉकचे काम २०२४ मध्ये सुरू झाले. किती महसूल येईल, हे सरकार अभिमानाने सांगते. पण शिरगाव, मये, मुळगाव, पिळगाव येथील लोकांनी घरे, देवळे, तळी आणि शेती लीजच्या हद्दीतून वगळा म्हणून जो टाहो फोडला, त्याला तितकीच जागा मिळाली का? ट्रकवाल्याचे पोट खाणीवर आहे आणि शेतकऱ्याचे शेत खाणीखाली आहे. दोघेही आपलेच. धोरण सांगायचे तर दोघांना उत्तर देणारे सांगावे. मयेच्या स्थलांतरित मालमत्तेचेही तसेच. मुक्तीनंतर अर्धशतक उलटल्यावर, २०१४ मध्ये, त्यासाठी कायदा झाला. कायदा झाला एवढे सांगून भागत नाही. किती कुटुंबांच्या नावावर जमीन झाली आणि किती अजून खोळंबली, हा आकडा प्रत्येक अभिभाषणात यायला हवा.

विकासाचे उदाहरण म्हणजे मोपा. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी पायाभरणी झाली, ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. त्याच दिवशी धारगळच्या आयुर्वेद संस्थेचेही उद्घाटन झाले होते. विमानतळाला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे याचा आम्हाला आनंद आहे. पेडणे तालुका एका पिढीत इतका बदलेल, असे आमच्या वाडवडिलांना वाटले नसते. पण मोपा, वारखंड, नागझर, कासारवर्णे, चांदेल या गावांनी जमिनी दिल्या, काजूच्या बागा दिल्या, गुरांची चरणी दिली. त्या कुटुंबांतल्या किती मुलांना कायमची नोकरी मिळाली आणि किती जणांच्या हाती कंत्राटी काम आले? पेडण्याच्या टॅक्सीवाल्याला स्वतःच्या तालुक्यातल्या विमानतळावर धंदा करण्यासाठी आंदोलन का करावे लागले? तुयेच्या रुग्णालयाची इमारत उभी राहूनही ते सुरू व्हावे म्हणून लोकांना रस्त्यावर का उतरावे लागले? प्रवाशांची संख्या सांगितली म्हणजे विकासाचा हिशेब पुरा होत नाही.

आपत्तीचे प्रकरण सर्वांत गंभीर. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावात श्री लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. सहा जणांचे प्राण त्या पहाटे गेले, कित्येक जखमी झाले. ज्या जत्रेला आमच्या घराघरांतले धोंड पिढ्यान् पिढ्या व्रत पाळून जातात, तिथे असे घडावे यासारखे दुःख नाही. सत्यशोधन समिती नेमली गेली, अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, अहवालही आला. सात महिन्यांनी, ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री, हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा बळी गेला. पुन्हा चौकशी, पुन्हा निलंबन. जत्रा आणि नाइट क्लब यांची तुलना होऊ शकत नाही, पण व्यवस्थेचे दुखणे एकच आहे. गर्दी किती, वाट किती रुंद, परवाना कोणी दिला, पाहणी कोणी केली, हे प्रश्न माणसे मेल्यावरच विचारले जातात. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. तिळारीच्या पाण्याचेही तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये धरणातून सोडलेले पाणी शापोऱ्याला आले आणि इब्रामपूर, हणखणे, साळ येथील लोकांची घरे-शेती बुडाली. धरण दोन राज्यांचे, दरवाजे दोडामार्गच्या बाजूला, आणि पाणी आमच्या अंगणात. इशारा किती तास आधी, कोणाकडून आणि कोणत्या भाषेत मिळणार, हे जनतेला पावसाळ्यापूर्वीच कळले पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल. राज्यपाल स्वतःचे भाषण लिहीत नाहीत, मग त्यांच्याकडे मागणी कशाला? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. भाषण सरकारचे असले तरी घटनेच्या १६७ व्या कलमाने राज्यकारभाराची माहिती मुख्यमंत्र्यांकडे मागण्याचा अधिकार राज्यपालांना दिला आहे. सरकारशी न भांडता, सरकार न पाडता ते विचारू शकतात, की गेल्या वर्षी माझ्या तोंडून जे सांगितले त्याचे काय झाले? एवढा एक प्रश्न दरवर्षी विचारला गेला तरी मसुदा लिहिणाऱ्यांची लेखणी जपून चालेल. पी. एस. श्रीधरन पिल्लई यांनी आपल्या कारकिर्दीत 'गोवा संपूर्ण यात्रा' काढून गावोगावी भेटी दिल्या, डायलिसिस आणि कर्करोगाच्या रुग्णांना मदत दिली. त्याचे आम्ही स्वागतच करतो. जुलै २०२५ मध्ये पुसापती अशोक गजपती राजू यांनी सूत्रे घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस देशभरातील राजभवनांना 'लोकभवन' म्हणण्याचा निर्णय केंद्राने घेतला. नाव लोकांचे झाले, आता तिथून निघणारा शब्दही लोकांच्या उपयोगाचा व्हावा.

शेवटचा मुद्दा भाषेचा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणी राजभाषा झाली आणि त्याच कायद्याने सर्व शासकीय कामांसाठी मराठीच्या वापराचीही तरतूद केली. नव्या काबिजादीतल्या आमच्या घरांत जमिनीचे आणि देवस्थानांचे जुने कागद मराठीत, मोडीत आहेत. पोर्तुगीज अमदानीतही सरकारला हिंदू दुभाषे पदरी ठेवावे लागत, कारण लोकांशी त्यांच्या भाषेत बोलल्यावाचून राज्य चालत नाही हे त्या परक्यांनाही कळत होते. मग स्वराज्यात वर्षाचा जमाखर्च मुख्यतः इंग्रजीतच का यावा? यात कोकणीशी वाद नाही. अभिभाषण कोकणीत आणि मराठीत, दोन्हींत एकाच दिवशी प्रत्येक पंचायतीत लागले पाहिजे.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. अभिभाषणाला तालुकावार परिशिष्ट जोडावे. गेल्या वर्षीचे कोणते आश्वासन पुरे झाले आणि कोणते नाही, याचा तक्ता द्यावा. प्रत्येक मोठ्या दुर्घटनेच्या चौकशी अहवालातील शिफारशी आणि त्यांची अंमलबजावणी जाहीर सांगावी. आणि हे सर्व आमच्या भाषेत द्यावे.

मागण्या करून आपण मोकळे होऊ नये. पेडण्यातून पेडणे आणि मांद्रे, डिचोलीतून डिचोली, मये आणि साखळी, असे पाच मतदारसंघ विधानसभेत आपला आवाज नेतात. साखळीचे आमदार प्रमोद सावंत तर २०१९ पासून मुख्यमंत्री आहेत. पुढच्या अधिवेशनापूर्वी प्रत्येक गावातून आपल्या आमदाराला एक पत्र जावे. आभाराच्या ठरावावर बोलताना तुम्ही आमच्या गावाबद्दल काय विचारणार आहात, एवढेच त्यात विचारावे. उत्तर आले तर ग्रामसभेत वाचून दाखवावे. आले नाही तर तेही ग्रामसभेत सांगावे. पत्राचा नमुना आमच्या कार्यालयात मिळेल.