गुंठा, एकर आणि आठवण

आमच्या सिल्लोडच्या बाजारात मका, कपाशी, मिरची यांच्या खालोखाल चर्चा चालते ती बांधाची! सख्खे भाऊ एका ताटात जेवतील. पण बांध हातभर सरकला की कोर्टाची पायरी चढतील. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर, हे येथे शाळकरी पोरालाही पाठ. मोजणीदार पूर्वी साखळी ओढीत. आता उपग्रहाला विचारून खूण करतात. कागद मात्र लागतोच.

पण ज्यांच्यापाशी कागदच नाही, त्यांनी काय करावे? रानात पिढ्या गेल्या. सातबारा देणार कोण?

2006 च्या वनहक्क कायद्याने यावर वाट काढली. जुनी विहीर, देवाचे ठिकाण, स्मशान हे पुरावे धरले. इतकेच नव्हे, तर गावातील म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा मानला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे 2011 साली तेथील ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचाही अधिकार मिळाला.

वाचकहो, अगदी अशीच गोष्ट कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेत घडली. तेथील इन्युइट लोकांपाशी ना बांध, ना दगड! 1970 नंतरच्या दशकात शिकाऱ्यांपुढे नकाशे पसरले गेले. सील कोठे मारले, तळ कोठे ठोकला, हे ज्याने त्याने आठवून आखले. त्या रेघांच्या आधारे वाटाघाटी झाल्या आणि 1993 च्या नुनावुत करारात सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन इन्युइटांच्या मालकीची ठरली. आपला महाराष्ट्र तीन लाखांच्या थोडा पुढे, म्हणजे पाहा! अर्थात किंमतही मोजावी लागली. उरलेल्या प्रदेशावरील वडिलोपार्जित दावा त्यांना सोडावा लागला. सीमेची मोजणी झाली ती त्यानंतर.

तेव्हा साखळी काय नि उपग्रह काय, जमीन किती ते सांगतील. तेथे कोण राहिले, हे सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. ज्या गावांचे दावे अजून मांडायचे आहेत, त्यांनी मोजणीदाराची वाट पाहण्याआधी म्हाताऱ्यांजवळ वही घेऊन बसावे. मोजणी पुढल्या वर्षीही होईल. जबाब देणारा आजोबा तेव्हा असेलच असे नाही.