फुटका सायलेन्सर आणि बंद काचा

शारजाचे नाव निघाले की आपल्यापैकी क्रिकेटप्रेमींना २२ एप्रिल १९९८ चा सामना आठवतो. वाळूच्या वादळाने खेळ थांबला होता, आणि सचिन तेंडुलकरने १४३ धावा काढल्यामुळे भारत तो सामना हरूनही अंतिम फेरीत पोचला. आज त्या वादळाची आठवण काढण्याचे कारण मात्र क्रिकेट नव्हे. अशी वाळू आणि उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणारा पारा यांमुळे तिथे मोटारीच्या काचा सहसा उघडतच नाहीत. काचा बंद, एसी चालू आणि गाडी जुनी. ज्यांची मुले, पुतणे, भाचे आखातात नोकरीला आहेत त्यांनी या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात, अशी आमची विनंती आहे.

नोकरी दुबईत आणि बिऱ्हाड शारजात, कारण शारजात घरभाडे कमी. हजारो कुटुंबांचा हाच क्रम आहे. सकाळ-संध्याकाळ अल इत्तिहाद रस्त्यावर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. अशा वेळी सायलेन्सरच्या नळीला भोक असेल तर धूर मागे उडून जात नाही. तो गाडीच्या पोटाखाली साठतो आणि तळाच्या एखाद्या फटीतून आत शिरतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. मग डोके दुखते, मळमळते, गुंगी येते.

खरी फसगत इथेच होते. उन्हाने जो त्रास होतो तोही बहुतेक असाच! घरी आलेला माणूस ‘ऊन लागले’ म्हणतो, लिंबाचे सरबत घेतो आणि पडून राहतो. आम्ही म्हणतो, उन्हाला दोष देण्याआधी दोन प्रश्न विचारा. गाडीत बसलेल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागते काय? आणि मोकळ्या हवेत थोडा वेळ गेल्यावर ते उतरते काय? उत्तर ‘होय’ असेल तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत वापरू नये, आणि डॉक्टरांना हा संशय स्पष्ट सांगावा.

काही जाणते लोक म्हणतील की हे कारागिराचे काम, घरच्यांनी यात पडू नये. दुरुस्तीपुरते ते बरेचसे खरे आहे. निदानाच्या बाबतीत आम्हाला मान्य नाही. गॅरेजमध्ये गाडी पोचते तोवर इंजिन तापलेले असते, आणि इंजिनाजवळच्या मॅनिफोल्डची बारीक फट तापल्यावर धातू फुगून पुष्कळदा मिटते. पहाटे थंड इंजिन सुरू करताच येणारी टिकटिक, जी पाच-दहा मिनिटांत नाहीशी होते, ती घरच्या माणसालाच ऐकू येणार.

तपासणी उघड्यावर करावी, इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये कदापि नाही. हँडब्रेक ओढून, गियर काढून एकाने गाडी सुरू करावी. दुसऱ्याने जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याची घडी मागच्या नळीच्या तोंडावर चार-पाच सेकंद धरावी. नळी धड असेल तर दाब फडक्याला मागे लोटतो. कुठे भोक असेल तर तिथून फुसफुस ऐकू येते. इंजिन बंद करून नळी पूर्ण निवल्यावर सांध्यांवर काजळीचे काळे ओघळ शोधावेत. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली भक्कम स्टँड हवेच.

ही गळती खिशालाही लागते. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे फट असली तर बाहेरची हवा नळीत ओढली जाते. गाडीच्या संगणकाला वाटते की पेट्रोल कमी पडते आहे, आणि तो ते उगाच वाढवतो.

दुरुस्तीबद्दल आमचे मत कडक आहे. अगदी मागच्या भागातले लहान भोक तारेच्या ब्रशने गंज खरवडून, सायलेन्सरची पेस्ट आणि पट्टी लावून, वर क्लॅम्प आवळून बुजवता येते, तेही गॅरेज गाठेपर्यंतच. इंजिनापासून मागच्या सीटखालपर्यंतच्या नळीला ठिगळ लावूच नये. तिथे नवे गॅस्केट, नाहीतर नवा तुकडा. शारजाच्या औद्योगिक भागात जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, आणि स्वस्तात सायलेन्सर मिळाला म्हणून मंडळी खूश होतात. पण सायलेन्सर आतून सडतो. थंड इंजिनाच्या धुरातले पाणी त्यात साठते, त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणारा डबा आतून चाळण झालेला असू शकतो. हातात घेऊन हलवून पाहावा. आत खडखडले की परत ठेवावा.

तिथे तीन वर्षांवरील गाडीची दरवर्षी तपासणी होते, पण नळी काही ती तारीख पाहून फुटत नाही. खाऱ्या हवेतला गंज आपल्या माहेबूर्गच्या किनाऱ्यालाही ठाऊक आहे, आणि क्युरपीप-वाक्वाच्या पावसात काचा आपणही चढवतोच.

दुपारच्या सुट्टीत उभ्या गाडीत एसी लावून झोपणारे तिथे बरेच. त्याविरुद्ध अमिरातीतील पोलीस सांगत आले आहेत, आणि नळी फुटकी असेल तर ही झोप जिवावर बेतते. आणखी एक गोष्ट. घर बदलताना गादी वा कपाट डिकीत मावत नाही, मग दोरीने दार अर्धवट बांधून गाडी हाकतात. अशा वेळी सायलेन्सर अगदी नवा असला तरी मागचा धूर आत ओढला जातो. सामान टेम्पोनेच न्यावे. अगदीच नाइलाज असेल तर मागे मुलांना बसवू नये, साऱ्या काचा उतरवाव्यात आणि पंखा बाहेरची हवा आत घेईल असा जोरात लावावा, मग वाळू आत आली तरी चालेल.