पातेले आणि कल्हई

परवा नातीबरोबर तिच्या कॉलेजासाठी लॅपटॉप घ्यायला बाजारात गेलो होतो. यंत्र पसंत पडले, भाव ठरला. पावती हाती आली, तीवर एकच ओळ आणि एकच आकडा! मी विचारले, "यात यंत्राचे किती आणि विंडोजचे किती?" दुकानदार सज्जन गृहस्थ, हसून म्हणाला, "काका, ते यंत्राबरोबरच येते. त्याचा भाव वेगळा सांगता येत नाही." नातीला विंडोज नकोच होते, ती लिनक्सवर काम करते. पण तिला हवे असलेले यंत्र विंडोजवाचून मिळेना.

मला आमच्या घरचे पितळेचे पातेले आठवले. कल्हईवाचून त्यात आमटी शिजवता येत नसे हे खरे. पण म्हणून कल्हईचे पैसे कोणी पातेल्याच्या किमतीत दडवीत नसे. पातेल्याचा भाव वेगळा, कल्हईचा वेगळा. आणि कल्हई कोणाकडून करून घ्यायची हे आजी ठरवी. ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाची कल्हईच होय. ती हवी हे मान्य. ती अमक्याचीच का?

हा वाद नवा नाही. पूर्वी काही कारखानदार विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे मायक्रोसॉफ्टला रक्कम देत. मग त्यात तिची प्रणाली असो वा नसो. अमेरिकन सरकारशी झालेल्या तडजोडीने १९९४ साली ही पद्धत बंद झाली. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नको असलेल्या प्रणालीचे पैसे मागणाऱ्या ग्राहकाची बाजू घेतली. उलट, युरोपीय संघाच्या न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी असा निर्णय दिला, की प्रणालीसह यंत्र विकणे आणि दोहोंच्या किमती वेगळ्या न दाखविणे हे एवढ्यानेच अनुचित ठरत नाही. न्यायालयाचा मान राखूनही मला हे पटत नाही. किंमतच कळली नाही, तर ग्राहकाने निवड करावी कशाच्या आधारावर?

कोणी म्हणतील, रिकामे यंत्र विकले, की लोक चोरीची प्रत भरतात. तसे घडते, आणि ते लाजिरवाणे आहे. परंतु काही जण चोरी करतात म्हणून सर्वांकडून आगाऊ वसुली करावी, हा न्याय नव्हे. ज्यांना तयार यंत्र सोयीचे वाटते, त्यांनी ते खुशाल घ्यावे. त्यांच्या सोयीला माझा विरोध नाही.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालये उभी केली, त्या बडोद्यात आम्ही वाढलो. विकत घेतलेले पुस्तक शेजाऱ्याला देता येते, ही आमची समजूत. यंत्राबरोबर आलेला परवाना मात्र बहुधा त्या एकाच यंत्राला जखडलेला असतो. यंत्र मोडले, की तोही गेला.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणे हा प्रतिबंधक व्यापारप्रथेचा एक प्रकार मानला आहे. यंत्र आणि प्रणाली या दोन वस्तू की एक, एवढाच प्रश्न उरतो. माझे मागणे साधे आहे: पावतीवर दोन ओळी असाव्यात, आणि दुसरी ओळ खोडण्याचा हक्क ग्राहकाला असावा.

नातीने त्याच रात्री लिनक्स बसविले. पैसे मोजून घेतलेला तो परवाना आता आमच्या घरी निरुपयोगी पडून आहे. ना वापरायचा, ना कोणाला देता येत. त्याचे किती पैसे गेले, ते मात्र अजून कळलेले नाही.