कापसाची मेंढी आणि हरवलेली गोष्ट

परीक्षा संपत आल्या की चर्चमधून निरोप येतोच. ‘कॉलेजात आलास ना आता, मग यंदा लहान मुलांचा ग्रुप तू घे.’ कुठे तिला शब्बाथशाळा म्हणतात, कुठे संडे स्कूल, कुठे कॅटेकिझमचा वर्ग. मे महिन्यात त्यात व्हीबीएसची, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शिबिराची भर पडते. या सगळ्या ठिकाणी पोरांसमोर उभे असतात ते बहुतेक वेळा तुमच्याच वयाचे ताई-दादा. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी पान उलटू नका. सोसायटीतला संस्कारवर्ग असो की एनएसएसचा कॅम्प, लहान मुलांना जुनी गोष्ट सांगायची वेळ तुमच्यावरही येणार आहे, आणि घोळ सगळीकडे सारखाच होतो.

घोळ असा. आदल्या रात्री आपण मोबाइल उघडतो. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायची असते. ‘क्राफ्ट’ शोधलं की पन्नास मेंढ्या समोर येतात. कार्डपेपरचं डोकं, कापसाची लोकर, दोन टिकल्यांचे डोळे. दुसऱ्या दिवशी गोष्ट पाच मिनिटांत उरकते आणि पुढची चाळीस मिनिटं फेव्हिकॉलची मारामारी चालते. मूल खुशीत घरी जातं. आई विचारते, ‘आज काय शिकलास?’ ‘मेंढी केली.’ झालं! मेंढी घरी पोचली, गोष्ट हॉलमध्येच हरवली.

माझं म्हणणं साधं आहे. हाताला काम द्यायचंच, पण ते काम गोष्टीचं असलं पाहिजे. त्याची कसोटीही सोपी आहे. गोष्ट काढून टाकली तरी अ‍ॅक्टिव्हिटी जशीच्या तशी उरत असेल, तर ती फक्त वेळ काढायला आहे. कापसाची मेंढी कुठल्याही गोष्टीला चालते. म्हणूनच ती या गोष्टीची नाही.

मग काय करायचं? शंभर चिंचोके आणा. मुलांना दहा-दहाचे ढीग लावायला सांगा. त्यांचं लक्ष नसताना एक चिंचोका हळूच उचला आणि पुन्हा मोजायला लावा. ९९ भरले की काय गोंधळ उडतो बघा! कुणी सतरंजीखाली शोधतं, कुणी शेजारच्याचा खिसा तपासतं, आणि एखादा हमखास म्हणतो, ‘जाऊ दे ना, एकच तर आहे.’ त्या क्षणी गोष्ट सुरू करा. एका मेंढरासाठी ९९ मेंढरं मागे ठेवून निघालेला मेंढपाळ आता त्यांना नीट दिसेल. त्यातली एखादी विचारेल, ‘पण मग बाकीच्या ९९ कडे कोण बघणार?’ हा प्रश्न आला की समजा, तुमचा वर्ग जमला.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट घ्या. कुणी पहाटेपासून राबलेला, कुणी दिवस मावळायच्या तासाभर आधी आलेला, आणि मालक सगळ्यांना एकच दिनार देतो. ही गोष्ट नुसती सांगितली तर मुलं माना डोलवतात. त्याऐवजी निम्म्या मुलांना सांगा, ‘हॉल झाडून द्या, प्रत्येकाला एक चिक्की.’ अर्धा तास ती झाडतील. शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्यांना मदतीला बोलवा आणि सगळ्यांच्या हातावर एकेक चिक्की ठेवा. ‘हे चीटिंग आहे!’ असा ओरडा झाला नाही तर नाव बदला. पण तुम्ही कबूल केलेली चिक्की तर दिलीच आहे. मग अन्याय कुठे झाला? झाला का? आता गोष्ट सांगा. तात्पर्य सांगायची घाई करू नका, मुलं भांडत भांडत तिथवर जातात.

नोहाच्या तारवासाठी थर्माकोल आणायची गरज नाही. बायबलमध्ये त्याची लांबी ३०० हात, रुंदी ५० हात आणि उंची ३० हात दिली आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आपल्या आजीचंच माप. मोठ्या माणसाच्या हाताने ३०० हात म्हणजे साधारण १३५ मीटर. सुतळी घेऊन मैदानावर जा आणि मोजा. फुटबॉलचं मैदान संपेल, तारू संपणार नाही. आणि मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त असेल तर सामान मिसळणाच्या डब्यातच आहे. सोमवारी ओल्या फडक्यात टाकलेली मोहरी दोन-तीन दिवसांत मोड काढते. पाच दिवसांच्या शिबिराला यापेक्षा चांगली मालिका कुठली?

काही वडीलधारे म्हणतील, ‘शास्त्राचा असा खेळखंडोबा कशाला? वचनं पाठ करून घ्या.’ त्यांना यहोशवाच्या पुस्तकाची आठवण करून द्या. यार्देन नदी ओलांडल्यावर पात्रातून बारा धोंडे उचलून आणले गेले. कशासाठी? तर पुढे मुलं विचारतील की हे धोंडे कसले, आणि तेव्हा त्यांना सांगता येईल म्हणून. आधी वस्तू, मग मुलाचा प्रश्न, मग गोष्ट. यिर्मया संदेष्ट्याने तर लोकांसमोर मडकं फोडून आपलं म्हणणं सांगितलं. ज्यू घरांत वल्हांडणाच्या जेवणात गुलामीची आठवण म्हणून आजही कडू भाजी खातात. ही पद्धत व्हीबीएसवाल्यांनी शोधलेली नाही.

आपल्याकडेही ती नवी नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत बांधली, कारण इथल्या लोकांच्या कानाला ओवीची सवय होती. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापलं गेलं. माँटेसोरी पद्धत मानणाऱ्या सोफिया काव्हालेत्ती यांनी १९५४ साली रोममध्ये सुरू केलेल्या वर्गात मुलं लाकडी मेंढपाळ आणि मेंढरं स्वतः हलवत गोष्ट समजून घेत. आणि रोमपर्यंत तरी कशाला जायचं? आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये काम सुरू केलं, ते शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंवर. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, हे त्यांना कळलं होतं. तुमच्या शिबिराच्या बजेटलाही हे लागू आहे.

आता खरी जोखमीची गोष्ट. सहा वर्षांचं मूल तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवतं. हातांनी केलेलं ते विसरत नाही, म्हणून अ‍ॅक्टिव्हिटीत ताकद आहे आणि म्हणूनच ती जपून वापरायची. वचन पाठ केलं की चॉकलेट, चुकलं की देव रागावेल, हा सौदा मुलांना लवकर कळतो आणि त्यात गोष्ट मरते. चांगल्या शोमरोन्याच्या नाटकात दरोडेखोर नेहमी तोच काळासावळा, दांडगा मुलगा होत असेल, तर दयेच्या गोष्टीतून तुम्ही नेमकं उलटं शिकवताय. शेजारपाजारची इतर धर्मांची मुलं शिबिराला येत असतील तर इथे काय शिकवलं जातं, ते त्यांच्या पालकांना आधी स्पष्ट सांगा. गोष्ट सगळ्यांची असू शकते, पण प्रार्थनेला हात जोडायची सक्ती कुणावरच नको.

आणि तारवाची सुतळी गुंडाळताना एखादं मूल विचारेल, ‘ताई, जे आत नव्हते त्यांचं काय झालं?’ तेव्हा ‘चला, आता रंगवायला बसू’ म्हणून त्याला गप्प करू नका. ‘मलाही हा प्रश्न पडतो’ म्हणा. देवाविषयी प्रश्न विचारला तरी चालतो, हे त्या मुलाला कदाचित पहिल्यांदाच कळेल.

तेव्हा यंदा ग्रुप घेतलात, तर सामानाची यादी करायच्या आधी गोष्ट दोनदा वाचा. त्यात तुम्हाला स्वतःला काय खटकतं, ते वहीत लिहा. अ‍ॅक्टिव्हिटी त्या खटकण्यातून काढा. कापूस नंतर आणा, लागला तर.